बहिणी भेटल्याशिवाय सही नाही

वडगावला तहसील कचेरीपासून कोर्टापर्यंत चालत गेलं तर वकिलांच्या पाट्या वाचता वाचता माणूस दमतो. मी ज्यांच्याविषयी सांगतोय त्यांची पाटी मात्र शोधावी लागायची. ती एका पिठाच्या गिरणीच्या जिन्यात होती आणि तिच्यावर बारा महिने पीठ बसलेलं असायचं. वर त्यांची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि साहेब बोलता बोलता थांबून डोळे मिटून बसायचे. दळण संपलं की ज्या शब्दावर थांबले होते त्याच शब्दापासून पुढं सुरू. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला बस म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारला.

"विकणाऱ्याच्या घरात पोरी किती?"

मला वाटलं म्हातारा बहिरा आहे. मी पुन्हा मोठ्यानं सांगितलं, मला कान्ह्यात एक घर घ्यायचंय आणि त्याचे कागद तपासून हवेत.

"ते ऐकलं हो. पोरी किती?"

मला माहीत नव्हतं. मी घर दोनदा बघून आलो होतो, पाण्याचं कनेक्शन बघितलं होतं, पत्र्याला कुठं गळती आहे तेसुद्धा बघितलं होतं. विकणारे दोन भाऊ आहेत एवढं सांगितलं.

"भाऊ तर समोर येऊन बसलेलेच असतात. त्यांना कशाला शोधायचं," असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली फाईल घेतली आणि फुंकर मारून टेबलावर जागा केली.

मला त्यांच्याकडं पाठवलं होतं एका जुन्या फिटरनं. मी तेव्हा देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरला होतो. घर घ्यायचं म्हटल्यावर जो तो शहाणपण शिकवत होता. कुणी म्हणे बँकेच्या यादीतला वकील घे, कुणी म्हणे पुण्यातला मोठा घे. फिटर म्हणाला, "पुन्याचा वकील कागद वाचतो रं. हितल्याला कोन कुनाची लेक ते म्हाईत असतंय. गिरनीवरचा म्हातारा घेतो का बघ काम. तरास लय देतो, पर तोच कर." पैसे देऊन त्रास कशाला विकत घ्यायचा, असं म्हणून मी हसलो होतो. तरी गेलो, कारण फिटर उगाच बोलणारा माणूस नव्हता.

साहेबांचे वकिली मासिकात छापून यावेत असे गुण काहीच नव्हते. कोर्टात ते क्वचित उभे राहायचे. त्यांचं सगळं काम खरेदी-विक्रीच्या कागदांचं, आणि तेही त्यांच्या तऱ्हेनं. जागा बघायला गेले की हद्दीबाहेर चपला काढायचे. ऊन असो, काटे असोत, अनवाणी आत जायचे. मी विचारलं तर म्हणाले, "कुणाची आहे ते अजून ठरलेलं नाही. चपला घालून कसं जायचं?" मालकीचा शोध पुरा झाला, मन भरलं, की मग पुढच्या खेपेला चपलांसकट आत. त्यामुळं वडगावात लोक दाखला मागायच्या ऐवजी विचारायचे, "म्हाताऱ्यानं चपला घातल्या का?"

बँका त्यांना उभं करत नसत. बँकेला हवं असतं की मालकी निर्वेध आणि स्वच्छ आहे. हे लिहायचे, 'मला जेवढं दिसलं तेवढं स्वच्छ आहे.' एका बँकेच्या साहेबानं म्हणे त्यांना फोन करून सांगितलं की शेवटचे दोन शब्द ठेवा, पहिले चार काढा. ह्यांनी उत्तर दिलं की मग सहीपण काढतो.

लोणावळ्याला बंगल्यासाठी जागा शोधणारं एक जोडपं मी त्यांच्याकडं पाहिलं होतं. मुंबईची माणसं, चांगली होती बिचारी. बाई सांगत होत्या की सकाळी उठल्यावर समोर दरी दिसते, धुकं दिसतं, आणखी काय हवं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धुकं उताऱ्यावर चढत नाही, बाई. जागेपर्यंत जायची वाट कुणाच्या रानातून आहे?" ते गृहस्थ म्हणाले, ते एजंट बघून घेईल. साहेबांनी फाईल परत केली आणि जिना उतरताना डोकं सांभाळायला सांगितलं. ती माणसं खाली जाऊन गाडीत बसेपर्यंत हे खिडकीतून बघत होते. "घेणार," म्हणाले. "आणि चार वर्षांनी माझ्याकडं रडत येणार. तेव्हा मी असेन का नाही कुणास ठाऊक." ते नव्हते. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं.

पण त्यांची खरी ख्याती बहिणींमुळं होती. गावाकडं बाप गेला की घर-जमीन मुलांच्या नावावर चढते आणि मुलींकडून हक्कसोड लिहून घेतात. माझा वाटा मी भावांना सोडला, असा कागद. बहुतेक बहिणी करतात सही. माहेर तुटू नये म्हणून करतात, भाऊबीजेला कुणीतरी दार उघडावं म्हणून करतात. काहींना तर कशावर सही केली तेही ठाऊक नसतं. साहेबांचा नियम असा होता की त्या कागदावर जितक्या बहिणींच्या सह्या, तितक्या घरी स्वतः जायचं आणि प्रत्येकीला तोंडावर विचारायचं की बाई, ही सही तुझ्या मनानं केलीस का. कागद नोंदलेला असला, त्यावर सरकारी शिक्का असला, तरी. "शिक्का सरकारनं मारला," म्हणायचे, "मनाचं सरकारला काय ठाऊक."

आता घराबद्दल सांगतो. ते माझ्यासाठी नव्हतंच, आईला हवं होतं. वडील डेपोत मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही बेगडेवाडीत भाड्याच्या खोल्या बदलत राहिलो. तिथंच वडील गेले. आई कुठल्याच खोलीच्या भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. "आपली न्हाई ती," म्हणायची. बुद्धाची तसबीर वर्षानुवर्षं कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलेली. घरमालक दारात आला की ती बसल्या जागेवरून उठून उभी राहायची, दुखणाईत झाल्यावरसुद्धा. ते मला बघवायचं नाही. मग डॉक्टरांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की तिचं हृदय थकलंय, फार लांबचे बेत करू नका. त्या दिवसापासून मी घरासाठी वेडा झालो होतो.

कान्ह्याचं घर गावठाणातलं होतं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं परस आणि परसात शेवगा. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. गावात घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर मूळ गाव विचारतात, आणि तरीही अडलं तर कुलदैवत. तीन ठिकाणी माझं बोलणं कुलदैवतापाशी संपलं होतं. घर देणाऱ्यांच्या मामाला आयत्या वेळी ते घर स्वतःला हवं असायचं. या दोघा भावांपैकी थोरला मात्र आपणहून म्हणाला, "आमाला काय न्हाई त्याचं. आता कोन मानतंय?" जो मानत नाही त्याला हे बोलून दाखवावं लागत नाही, एवढं मला वयानं शिकवलंय. पण घर देत होता. मी मान डोलावली.

त्यांच्या घरात पोरी दोन निघाल्या. थोरली पवन मावळात दिलेली. साहेब आणि मी माझ्या स्कूटरवरून गेलो. मागं बसून पिशवी मांडीवर धरून ते प्रत्येक गावात कुणाच्या घरात किती लेकी आणि त्या कुठं दिल्यात ते मला सांगत होते. त्या बाईकडं गेल्यावर कागदाचं नावच काढलं नाही. भाकरी मागून खाल्ली, सुनेची चौकशी केली, म्हशीचं दूध किती ते विचारलं. बाईचा नवरा आणि दीर समोर बसलेले. मग साहेब उठले आणि म्हणाले, "ताई, तुमचा परस दाखवा की." बाई त्यांना घेऊन मागं गेली. नवरा उठायला लागला तशी साहेबांनी त्याला मानेनंच बस म्हणून खुणावलं. दहा-पंधरा मिनिटांनी दोघं आली तेव्हा बाईचे डोळे ओले होते.

परतताना एवढंच म्हणाले, "हिची सही खरी आहे. धाकटीला भेटायला हवं."

धाकटी कुठं होती ते कुणी सांगेना. भाऊ म्हणत, मुंबईकडं आहे, तिनं सोडलाय हक्क, अंगठा आहे की कागदावर. साहेब म्हणायचे, "तो अंगठाच मला पटत नाही." का पटत नाही ते सांगायचे नाहीत. कुठल्याही पोरीविषयी खात्री नसताना बोलायचं नाही, हाही त्यांचा एक नियम होता, पण तो मला नंतर कळला. आठवडे जात राहिले. इकडं आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हनला वकील?" मी म्हणायचो, कागद बघतोय. एकदा ती म्हणाली, "बघू दे. आपल्याला द्यायचं म्हंजी त्येंना लय बघावं लागतं." त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. ती विचारायची तेव्हा बरं होतं.

मी आईला खरं सांगायला हवं होतं, की एक बहीण सापडत नाहीये म्हणून अडलंय. नाही सांगितलं, कारण माझाच त्यावर विश्वास राहिला नव्हता. एजंटनं एक दिवस चहा पाजून माझ्या कानात सोडून दिलं, "तुमी समजून घ्या ना साहेब. नोंदलेल्या कागदाला कुनी येवडं चाळत बसतं का? म्हातारा हितलाच हाय. गावाला नको असंल." माझ्या मनात ते आधीपासून होतंच. त्यानं फक्त उघड केलं. तीन घरं मामांनी घालवली होती, हे चौथं बहिणीनं चाललं होतं.

मी तसाच गिरणीवर गेलो. खाली दळण चालू होतं, ते संपायची वाट पाहत उभा राहिलो आणि गिरणी थांबताच बोललो.

"साहेब, सरळ सांगा. आमच्यासारख्यांना गावात घर मिळू नये, म्हणूनच चाललंय ना हे सगळं?"

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मी भांडलो असतो. किंवा मग, छे छे, असं कसं म्हणता, असं म्हणतील, आणि मला तेही पुरलं असतं. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मग फाईल बांधली, दोरीला गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "आईंची तब्येत जपा," एवढंच म्हणाले. फी विचारली तर मान हलवली. त्यांचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं समजून मी जिना उतरलो. मला अगदी जिंकल्यासारखं वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

दुसरा वकील एजंटनंच दिला. गार हवेचं ऑफिस, काचेचं टेबल. चार दिवसांत दाखला, पंधरा दिवसांत खरेदीखत. आईच्या नावावर. सब-रजिस्ट्रारकडं तिचा फोटो काढताना तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि कॅमेऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघत राहिली. नव्या घरात पहिल्याच दिवशी तिनं शेजारून हातोडी मागून आणली आणि स्वतः खिळा ठोकला. तिला धाप लागली होती. तसबीर लागल्यावर ती तिथंच खाली बसली आणि बराच वेळ रडली.

त्यानंतर महिन्याभरानं एका रविवारी साहेब आमच्या दारात. पिशवी हातात, घामाघूम. कुंपणाबाहेर चपला काढून अनवाणी आत आले. मला बघवेना. आता कशाला आला हा माणूस, असंच मनात आलं. पण आई पडवीत बसली होती आणि दारात आलेल्याला बस म्हणायचं हे तिचं पहिलं स्वप्न होतं, ते कुणासाठी मोडणार? तिनं त्यांना बसवलं आणि मला चहा टाकायला आत पिटाळलं. मी चहा घेऊन आलो तेव्हा दोघंही गप्प बसले होते. साहेबांनी चहा घेतला, पिशवी न उघडता उचलली आणि गेले.

पुढच्या रविवारी पुन्हा आले. मग दर रविवारीच. आई त्यांच्यासाठी शेवग्याच्या शेंगा काढून ठेवायची. ते तिला तालुक्यातल्या लेकींच्या गोष्टी सांगायचे, ती त्यांना डेपोच्या क्वार्टरमधल्या. कुंपणाबाहेर चपला काढायचं त्यांनी कधी सोडलं नाही. आईला त्याचं फार कौतुक. "विहारात आल्यावानी येतोय बघ," म्हणायची. मी म्हणायचो, "आई, ह्यानंच आपलं घर अडवलं होतं." ती म्हणायची, "म्हाईत हाय मला. येऊ दे." मग मी रविवारी मुद्दाम कामं काढून बाहेर जायला लागलो.

एकदाच थांबलो, कारण त्यांच्याबरोबर एक बाई होती. चाळिशीची, साधी साडी, हातावर भाजल्याचे जुने डाग. "या गावचीच माहेरवाशीण आहे," साहेब म्हणाले, "घर बघायचं होतं." आईला वाटलं नव्या घराचं कौतुक करायला कुणी आलं. तिनं उठून सगळं दाखवलं. बाई फारशी बोलली नाही. चुलीच्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून तिनं एकदा हात फिरवला. आतल्या खोलीत अंधारात एक पायरी आहे, तिथं नवखा माणूस हमखास ठेचकाळतो. ही सहज उतरून गेली. माझ्या ते लक्षात आलं आणि मी सोडून दिलं. आईनं तिला जेवायला बसवलं, स्वतः वाढलं, जाताना ब्लाउजपीस दिला आणि म्हणाली, "माहेरची म्हंजी माजी लेकच. येत जा."

आई त्या घरात पाच महिने जगली. कुणी दारात आलं तरी बसून राहायची, आणि बसूनच "या" म्हणायची. ते तिनं शेवटच्या दिवसापर्यंत केलं.

आई गेल्यानंतर जलदान विधीच्या दिवशी माणसं पांगल्यावर साहेब त्या बाईला घेऊन आले. तिनं आईच्या फोटोला फूल वाहिलं. मग साहेबांनी मला परसात बोलावलं आणि सांगितलं की ही शालन, दोघा भावांची धाकटी बहीण. खोपोलीला शाळेत मुलांचं जेवण शिजवते. भावांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. हक्कसोडीवर जो अंगठा आहे तो तिचा नाही. साहेबांनी गावच्या शाळेचं रजिस्टर काढून बघितलं होतं, पोरगी सातवी पास होती. सही येणारी पोर अंगठा कशाला देईल, ही त्यांची शंका. मी फाईल घेऊन निघून आल्यानंतरही त्यांनी शोध सोडला नव्हता. थोरल्या बहिणीनं परसात उभं राहून कानात सांगितलेल्या एका गावाच्या नावावरून ते तिच्यापर्यंत पोचले होते.

आई ज्या घरात मेली त्यात या बाईचा वाटा होता. तो आम्ही न विचारता घेतला होता.

"मग इतके महिने बोलला का नाहीत?" मी विचारलं.

साहेबांनी शालनकडं बघितलं. ती म्हणाली, "दादा, मी म्हनलं त्येंना थांबा म्हनून. मी भांडायलाच आले होते त्या दिवशी. तुमच्या आईनं ताट वाढलं. तिला सांगितलं असतं तर ती एक दिस पन ऱ्हायली नसती हितं." हे खरं होतं. आई लगेच सामान बांधून बेगडेवाडीला निघाली असती.

पुढचं काम साहेबांनी केलं. भावांना बोलावून समोर बसवलं आणि विक्रीच्या पैशातला शालनचा वाटा तिला द्यायला लावला. तो तिनं घेतला आणि घेतला ते बरं केलं. फुकट मोठेपणा दाखवला असता तर मलाच तोंड वर करता आलं नसतं. मग तिनं स्वतः हजर राहून आमच्या खरेदीला मान्यता देणारा दस्त नोंदवला. त्यानंतर साहेब चपला घालून घरात आले आणि आईच्या फोटोपुढं उभे राहिले.

मला त्यांची माफी मागायची होती. पण माफी मागायची तर ते वाक्य पुन्हा तोंडातून काढावं लागणार होतं, म्हणून मी टाळत राहिलो. शेवटी एका दुपारी गिरणीवर गेलो. ते बरेच थकले होते, टेबलावरचे कागदसुद्धा कमी झाले होते. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी मी तुमच्यावर जो आळ घेतला..."

"आळ नव्हता तो," ते म्हणाले.

त्यांनी समोरचा कागद बाजूला सरकवला.

"सनद घेऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. डेपोतलाच एक माणूस होता, तुमच्यातला. एका गावात घर घेत होता. कागद चोख होते. गावातली चार माणसं माझ्या वडिलांकडं येऊन बसली. त्यांना तो नको होता. मी लिहून दिलं की विकणाऱ्याच्या एका बहिणीची सही संशयास्पद वाटते. त्या बहिणीला मी कधी बघितलंही नव्हतं." टेबलावरचं पीठ हातानं पुसत म्हणाले, "तो माणूस माझ्या पाया पडला. वकीलसाहेब, तुमी वाचवलंत, म्हणाला. आणि घर सोडून निघून गेला."

"नाव काय त्यांचं?"

"घराचा नंबर सांगतो. चारी बाजूंना कोण होतं ते सांगतो. त्याचं नाव आठवत नाही हो. किती वर्षं आठवतोय."

माझे वडीलही डेपोतच होते. पण तिथं आमची पुष्कळ माणसं होती, आणि वडील कधी कुठल्या घराबद्दल बोललेले मला आठवत नाहीत. ते असतील, नसतील. मला त्या क्षणी साहेबांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना एकटं सोडून उठवेना. खाली गिरणी सुरू झाली. आम्ही दोघं ती थांबायची वाट पाहत बसलो. थांबल्यावर मी तोंडात आलं ते बोलून टाकलं.

"आई गेली ती तुम्हीच आडवे आलात असं समजून गेली. मी कधी तिला खरं सांगू शकलो नाही."

"मला ठाऊक आहे. मी पहिल्या रविवारी आलो तेव्हा शालनचं सांगायलाच आलो होतो. तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि त्यांनी मला विचारलं. 'वकीलसाहेब, खरं सांगा. आमाला घर मिळू न्हाई, असंच हुतं ना तुमच्या मनात?'"

"मग?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा माझी जीभ उचलली नव्हती. त्यांना मी व्हय म्हणालो, मनात ते जुनं घर होतं; मग शालनचं सांगवलं नाही."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग विचारलं, आई काय म्हणाली?

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणाल्या, 'बोललात ते लय बरं केलंत. आता दर रविवारी येत जावा.'"